छबुबाई आणि एका गावावरचे तीन बिशप

छबुबाई धोंडीराम बडे कुठलीही गोष्ट सरळ सांगत नाही. ती विषय मांडते. चहात साखर कमी पडली तरी "विषय क्रमांक एक" म्हणून सुरू होते, आणि सुनेनं चमचाभर साखर टाकली की "मंजूर" म्हणून कप तोंडाला लावते. वडवणीपासून थोडं आत आमचं गाव आहे. गावात महिलांची दूध सहकारी संस्था आहे, तिची छबुबाई चेअरमन आणि मी, उत्तरेश्वर, पगारी सचिव. सचिव म्हणजे काय, तर बाईनं बोलायचं आणि मी लिहायचं. संस्थेचा शिक्का तिच्या पिशवीत असतो. पानाची डबी विसरेल, पण शिक्का विसरणार नाही.

या बाईचा देवावर जितका विश्वास आहे तितकाच 'वर' या शब्दावर आहे. गावाच्या वर तालुका, तालुक्याच्या वर जिल्हा, जिल्ह्याच्या वर मुंबई. मागं एकदा तालुक्याच्या शीतकरण केंद्रानं आमचं दूध परत पाठवलं. छबुबाई कॅन घेऊन तशीच बीडला गेली, तिथून मुंबईला, आणि वरून हुकूम आणून तेच दूध त्याच केंद्रात ओतलं. दूध तोवर नासलं होतं ही गोष्ट वेगळी. तेव्हापासून तिचं ठाम मत झालं, की खालच्या माणसाशी बोलण्यात काही अर्थ नाही. खालून अर्ज करायचा आणि वरून दाबायचं. याच मतानं एकोणीस सालच्या उन्हाळ्यात माझा जीव खाल्ला, आणि एका पोरीचं लग्न मोडायच्या बेताला आणलं.

पोरगी म्हणजे जिन्सी. तिची आई अन्नम्मा, आमच्या आरोग्य केंद्रात केरळहून आलेली नर्स. गावानं तिचं अन्नाबाई करून टाकलं. नवरा बीडला टायर रिमोल्डच्या दुकानात होता, तो जिन्सी रांगत असतानाच काविळीनं गेला. अन्नाबाई मात्र इथंच राहिली. छबुबाईची तिन्ही बाळंतपणं तिनं केली, आणि छबुबाईनं तिला भाकरी थापायला शिकवलं. पुढं अन्नाबाईला कॅन्सर झाला. शेवटच्या दिवसांत तिनं छबुबाईचा हात धरून सांगितलं, "पोरीचं लग्न चर्चमध्ये कर. आपल्या बीडच्या चर्चमध्ये. मी तिथंच असणार." नवऱ्याशेजारी तिला बीडच्या चर्चमागच्या दफनभूमीत पुरलं. केरळहून एक फोन आला, माणूस कोणी आलं नाही. जिन्सी छबुबाईच्या घरी वाढली, शिकली, बीडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. ती छबुबाईला मावशी म्हणते. दर रविवारी तिला मोटारसायकलवर मिस्साला, म्हणजे चर्चातल्या उपासनेला, नेऊन सोडायचं काम कोणाकडं होतं, हे सांगायला नको.

मग जिन्सीला स्थळ आलं. लिजो, परळीच्या थर्मलमध्ये ज्याचा बाप नोकरी करून रिटायर झाला तो. घर केरळी, पण पोरगं परळीचंच, मराठी आमच्यासारखं बोलणारं. आखातात कामाला होता आणि सुट्टी घेऊन आला होता. दोघांनी एकमेकांना पसंत केलं. छबुबाई म्हणाली, "विषय क्रमांक एक, तारीक." आणि आम्ही बीडला फादर अल्हाटांकडं गेलो.

फादर अल्हाट नगरकडचे, साधा माणूस, स्वभावानं चहापेक्षा गोड. त्यांनी दोघांच्या घरची चौकशी केली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. सरकारी असो की देवाचा, माणसानं चष्मा काढून ठेवला की काम लांबतं.

"छबुबाई, हे लग्न मला लावता येणार नाही," ते म्हणाले. "दोघंही माझ्याकडचे नाहीत."

"तुमच्याकडची न्हाई?" छबुबाईचा आवाज चढला. "तुमीच तिचा बाप्तिस्मा केला, तुमीच तिच्या आईला माती दिली. एवढी वर्सं पोरगी तुमच्याच चर्चात येतीया. मंग कावून न्हाई?"

फादरांनी समजावलं. चूक त्यांची नव्हती, म्हणून तर जास्त राग येत होता. कॅथलिक सगळे एकच, पोप एकच, पण रीती वेगळ्या. भारतात अशा तीन आहेत. एक लॅटिन, जिच्यात फादर अल्हाट आणि बीडचं चर्च. दुसऱ्या दोन केरळातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा. लॅटिन लोकांचे धर्मप्रांत देशभर आखलेले, आपला भाग औरंगाबादच्या बिशपांकडं. केरळवाल्यांचे धर्मप्रांत आधी केरळात आणि बाहेर काही ठरावीक ठिकाणीच होते. बाकीच्या मुलखात नोकरीला आलेल्या माणसाला तिथला लॅटिन बिशप सांभाळून घ्यायचा. पण सतरा साली रोमहून ठरलं, की सिरो-मलबार माणसाला देशात कुठंही त्याचा स्वतःचा बिशप असावा. त्यासाठी उरलेल्या भारताचा एक नवा धर्मप्रांत झाला आणि त्याचं ठाणं हैदराबादेजवळ ठेवलं.

"जिन्सीचा बाप सिरो-मलबार, लिजोचा बापही सिरो-मलबार," फादर म्हणाले. "दोघांतलं एक जरी लॅटिन असतं तर मी लग्न लावलं असतं. दोन वर्षांपूर्वी आला असता तरी लावलं असतं. आता त्यांच्या बिशपांची परवानगी नसताना मी लावलं, तर ते लग्न लागलंच नाही असं होईल."

"हैदराबाद?" मी न राहवून म्हणालो. आमचे आजोबा-पणजोबा निजामाच्या राज्यातून कसे सुटले हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आणि आता लग्नाच्या परवानगीसाठी परत हैदराबादच.

छबुबाईचं डोकं मात्र दुसरीकडंच चाललं होतं. "मंजी आमच्या एका गावावर दोन बिशप?"

"तीन," फादर म्हणाले. "मलंकारावाल्यांचे पुण्याला असतात."

"आन् सभासद किती?"

"तुमच्या गावात? एक. जिन्सी."

छबुबाई माझ्याकडं बघत राहिली. एका गावात एकाच कामाची दुसरी संस्था काढायला निघालं, तर निबंधक आधी कार्यक्षेत्र विचारतो आणि फाइल तोंडावर फेकतो. इथं एका पोरीवर तीन कार्यक्षेत्रं, आणि तिचं लग्न लावायला एकही बिशप मोकळा नाही. तिनं फादरांना तसं स्पष्ट सांगितलंही. फादर म्हणाले, "बाई, इथं गाव बघून सभासद होत नाही. बापाची जी रीत, ती लेकराची. मी बाप्तिस्मा दिला म्हणून ती लॅटिन होत नाही."

"आन् म्या वाढीवली, त्येचं काय?"

फादरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मला त्या माणसाची दया आली, आणि त्याच्या नियमाचा संताप आला.

उठताना फादरांनी एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. नव्या धर्मप्रांताचे एक फादर कुरियाकोस होते, मराठवाड्यातल्या विखुरलेल्या केरळी घरांना भेटत फिरायचे. "यांना फोन करा, ते परवानगीचं बघतील. मग लग्न इथं, याच चर्चमध्ये होऊ दे, माझी काही हरकत नाही." छबुबाईनं चिठ्ठी पिशवीत शिक्क्याशेजारी टाकली. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे फिरतं मानूस. आपल्या पशुधन पर्यवेक्षकासारखं. त्येच्या हातात काय असतंय? वर जावं लागंल."

मी म्हणालो, "काकू, आधी एक फोन तर करू."

"तू सचिव हायस, चेअरमन न्हाईस."

त्या उन्हाळ्यात आमची संस्था चारा छावणी चालवत होती. दोन वर्षं पावसानं दगा दिलेला, विहिरी खरवडून झालेल्या. गावोगावची जनावरं माळावर हिरव्या जाळ्यांखाली बांधलेली, आणि त्यांच्याबरोबर माणसंही तिथंच राहायला आलेली. टँकर आला नाही की बायका छबुबाईच्या अंगावर यायच्या, तपासणीला साहेब आला की छबुबाई त्याच्या अंगावर जायची. अशा धुरळ्यात तिनं उसाच्या मोळीवर बसून विशेष सभा बोलावली. विषय क्रमांक एक: कुमारी जिन्सी ही बीड चर्चची जुनी सभासद असून तिचे सभासदत्व इतर धर्मप्रांतात परस्पर वर्ग करण्यात आले आहे, सबब सदरची बदली रद्द करून तिचे लग्न लावण्यात यावे. सूचक साखराबाई, अनुमोदक भामाबाई. साखराबाईनं मला हळूच विचारलं, "धर्मप्रांत मंजी कोंचं खातं?" मी म्हणालो, "हात वर करा." ठराव सर्वानुमते मंजूर झाला. शेजारी एक म्हैस ओरडली, ती सोडून विरोधात कोणी बोललं नाही.

हा ठराव आम्ही योग्य मार्गानं पाठवला. योग्य मार्ग म्हणजे छबुबाईच्या मनातला मार्ग. तिच्या हिशोबात फादर म्हणजे तालुका, औरंगाबादचे बिशप म्हणजे जिल्हा, हैदराबाद म्हणजे राज्याचा संघ आणि दिल्लीला बिशपांची जी एकत्र सभा असते ती महासंघ. औरंगाबादहून खाली हुकूम येईल, नाही आला तर दिल्ली औरंगाबादचे आणि हैदराबादचे, दोघांचेही कान धरील. मी टाइप केलं, तिनं सही केली, सहीपुढं नेहमीसारखं 'चेअरमन' लिहिलं आणि शिक्का इतक्या जोरात मारला की खालच्या टेबलावरही उमटला.

उत्तर येईपर्यंत आम्ही छावणीत ऊस मोजत बसलो. लिजोची सुट्टी सरत चालली. त्याची आई परळीहून फोन करायची, आधी गोड, मग कोरडा. शेवटी म्हणाली, "केरळात आमच्या मूळ गावी लग्न करू. तिथं सगळं एका दिवसात होतं." छबुबाईनं फोन माझ्या हातात दिला आणि टँकरवाल्याशी भांडायला निघून गेली. तिला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं. केरळात जिन्सीचं होतं कोण? आणि छबुबाई छावणी सोडून तिकडं जाणार कशी? आईची माती बीडला, वाढवणारी मावशी माळावर, आणि पोरगी अनोळखी गावात एकटी बोहल्यावर उभी राहणार. अन्नाबाईला दिलेला शब्द असा मोडणार होता.

मग उत्तरं आली. दोन्ही नीट, सभ्य भाषेतली. औरंगाबादहून कळवलं होतं, की ही मुलं दुसऱ्या रीतीची आहेत, त्यांच्या वतीनं आम्ही परवानगी देऊ शकत नाही, कृपया त्यांच्याच बिशपांना विचारा. दिल्लीहून कळवलं होतं, की ही तिन्ही रीतींच्या बिशपांची एकत्र सभा आहे, ती कोणत्याही बिशपांना हुकूम देत नाही, प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतात स्वतंत्र आहे. जिन्सीला मनापासून शुभेच्छा.

मी दोन्ही पत्रं वाचून दाखवली. छबुबाई गव्हाणीच्या कडेला बसली होती. "मंजी औरंगाबादवर दिल्ली न्हाई?"

"नाही."

"हैदराबादवर दिल्ली न्हाई?"

"नाही काकू. औरंगाबाद हैदराबादच्या खाली नाही, हैदराबाद औरंगाबादच्या खाली नाही. दोघं शेजारी शेजारी. दोघांच्या वर थेट रोम."

"मंग रोमला..."

"मावशी!" जिन्सी छावणीत आली होती ते आम्हाला दिसलंच नव्हतं. दवाखान्यातून तशीच आली होती, कपाळाला धूळ चिकटलेली. "मावशी, तुला माझं लग्न लावायचंय का इलेक्शन जिंकायचंय? तुझ्या पिशवीत एक नंबर हाय. इतके दिवस हाय. आईनं तुला बीडच्या चर्चात लग्न लाव म्हणून सांगितलं व्हतं, रोमशी भांड म्हणून न्हाई. मी आता परळीवाल्यांना हो म्हणणार. केरळात जाईन न् उरकून टाकीन एकदाचं."

आणि ती रडायला लागली. शांत पोरगी, आईच्या मयतीलाही हुंदका दाबून धरलेली. सगळ्या छावणीसमोर तिला रडताना बघून माझा राग छबुबाईवरून माझ्यावर आला. ती टाइप करायला सांगेल ते मी करत गेलो होतो.

छबुबाईनं पिशवी उलटी केली. शिक्का, पानाची डबी, सुतळी, औषधाची पट्टी, आणि तंबाखूनं पिवळी पडलेली ती चिठ्ठी. "लाव," ती मला म्हणाली.

फादर कुरियाकोसांनी दुसऱ्याच रिंगला फोन उचलला. छबुबाईनं नमस्कार न करता सुरुवात केली. चर्च, बिशप, हैदराबाद, निजाम, दुष्काळ, टँकर, सगळ्यांना एकाच दमात झोडपलं. पलीकडचा माणूस ऐकत राहिला. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा तो आपल्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, पहले क्यों नहीं बोला? मैं तो दो बार परली आया, लड़के का घर में चाय पिया. किसी ने बताया नहीं लड़की का तरफ कौन है."

परळीवाल्यांनी सांगितलं नव्हतं, कारण छबुबाईनंच त्यांना सांगून ठेवलं होतं, की मधे कोणी बोलू नका, वरून हुकूम येतोय.

पुढं सगळं झरझर झालं, आणि तेच मला सहन होईना. दोघांचे दाखले मागवले गेले, कोणाची हरकत आहे का म्हणून रविवारी मिस्सात त्यांची नावं पुकारली गेली, हैदराबादहून परवानगी आली आणि फादर अल्हाटांनी चर्चची किल्ली दिली. ज्या कामासाठी आम्ही अख्खा देश खाली-वर केला, ते काम एका फिरत्या माणसाच्या फोनवर होतं. लिजोची सुट्टी संपायला आली असताना, शेवटच्या मोकळ्या दिवशी लग्न ठरलं.

छावणीतल्या बायका टेम्पोतून आल्या, साखराबाई आणि भामाबाई सगळ्यात पुढं. चर्चच्या पायरीवर त्यांनी चपला काढल्या आणि पदर डोक्यावर घेतला. फादर कुरियाकोस बरेच तरुण निघाले, दाढीवाले. त्यांनी लग्न मल्याळममध्ये लावलं. शपथ तेवढी मराठीत, देवनागरीत लिहून आणलेली, आणि वाचताना इतकी अडखळत की लिजोनं हळूच शब्द सांगितले. मग त्यांच्या रीतीप्रमाणं लिजोनं जिन्सीच्या गळ्यात सोन्याचं बारीक पदक बांधलं. त्याला दोरा होता तो लिजोनं तिला दिलेल्या साडीतून ओढून काढलेल्या धाग्यांचा. भामाबाई मोठ्यानं म्हणाली, "अगं, ह्ये तर मंगळसूत्रच की!" छबुबाई फणकारली, "गप. एवढं भांडून एक अक्षर कळंना मला, तू मधी बोलू नगंस."

ती शेवटच्या बाकावर बसली होती. मी पुढं चल म्हणालो तर म्हणाली, "आपलं काम अर्जाचं व्हतं. ते झालं. ही जागा त्येंच्या मानसाची हाय." इतके दिवस तिला प्रत्येकानं हेच सांगितलं होतं, कोणी चष्मा काढून, कोणी पत्र लिहून. ती ना या रीतीची, ना त्या रीतीची, ना त्या धर्माची. आता तिनं ते स्वतःच मान्य केलं होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

लग्न लागल्यावर वेदीशेजारी टेबलावर नोंदीचं पुस्तक उघडलं. नवरानवरीनं सह्या केल्या. लिजोकडून त्याच्या मामानं सही केली. फादर कुरियाकोसांनी वर बघितलं. "लड़की का साइड से गवाह?"

जिन्सीनं मागं वळून बघितलं. "मावशी."

छबुबाई बाकावरून उठलीच नाही. "न्हाई, न्हाई. उगं खोट निगंल. म्या हिंदू हाय. नंतर कुनी म्हनंल लगीन लागलंच न्हाई. फादर अल्हाट करतील सही."

फादर अल्हाट उठून तिच्याजवळ गेले. "छबुबाई, साक्षीदाराला रीत लागत नाही. धर्मही लागत नाही. लग्न डोळ्यांनी बघितलेलं माणूस पाहिजे, एवढंच."

"कुनीबी चालतंय?"

"कोणीही."

"मंजी अनुमोदकच की."

"हो, तसंच समजा."

"मंग ह्ये पहिल्याच दिशी सांगायला काय झालं व्हतं?" ती इतक्या जोरात ओरडली की बाहेरची कबुतरं उडाली. मग ती उठली, पदरानं हात पुसत टेबलापाशी गेली. पेन घेतला आणि थांबली. "हितं नावापुढं काय लिवू?"

"काहीच नाही," फादर अल्हाट म्हणाले. "नुसतं नाव."

तिनं लिहिलं, छबुबाई धोंडीराम बडे. इतक्या वर्षांत मी तिचं नाव 'चेअरमन'शिवाय कधी बघितलं नव्हतं. सवयीनं मी पिशवीतून शिक्का काढून तिच्यापुढं धरला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि जिन्सीच्या गळ्यात पडून रडली. पदक कुठं अडकू नये म्हणून जिन्सी एका हातानं ते धरून होती आणि दुसऱ्या हातानं मावशीला.

टेम्पो निघायच्या आधी छबुबाई एकटीच चर्चमागं गेली. मी बोलवायला गेलो तर ती अन्नाबाईच्या दगडावरची धूळ पदरानं झटकत होती.

"झालं गं अन्ना," ती म्हणत होती. "लई तरास दिला तुज्या तिन्ही बिशपांनी. म्याबी दिला. पर झालं. सही माजी हाय."

मग मला बघून म्हणाली, "चल, उसाची गाडी आली आसंल."